सहा वाजता फुटणारा झरा

टेकडीच्या पायथ्याशी माणसे दाटीवाटीने उभी होती. बरोबर सहाच्या ठोक्याला महाराजांनी खडकावर काठी आपटली आणि भर उन्हाळ्यात त्या फटीतून पाणी खळखळू लागले.

"हे पाणी नव्हे, संजीवनी!" महाराज गरजले. "औषधे हे विष! या झऱ्यापुढे डॉक्टर कोण, वैद्य कोण? बाटली मात्र ज्याने त्याने आपापली आणावी!"

पाणीपुरवठा कंपनीचा अभियंता गर्दीत उभा होता, तो आपल्या थोरल्या बहिणीसाठी. पंधरा वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या ताईने तीन दिवसांपासून सुई बंद केली होती. तिचे ओठ सुकले होते, पाय लटपटत होते.

"ताई, घरी चल. सुई घे."

"तुला मेलं कशातच चांगलं दिसत नाही! अरे, सहाला येतं, आठला थांबतं. माणसाला जमेल का इतका नेम?"

अभियंत्याने घड्याळ पाहिले. वरच्या वस्तीला त्यानेच ठरवलेल्या वेळी, सहा ते आठ, पाणी सुटत असे. त्याने व्हॉल्व्हवाल्याला फोन लावला.

"वरच्या वस्तीचं पाणी बंद कर."

"साहेब, लोक शिव्या घालतील."

"मी खातो. तू बंद कर."

थोड्याच वेळात धार बारीक झाली, मग तुटली. महाराजांनी दोनदा काठी आपटली, तिसऱ्यांदा जरा जोरात.

"इथे कोणी पापी आला आहे!"

"मीच तो," अभियंता म्हणाला आणि फोनवर बोलला, "सोड आता."

महाराज काठी काखेत धरून घाम पुसत असतानाच पाणी पुन्हा वाहू लागले. कोणीतरी फिस्सकन हसले.

"टेकडीखालून वरच्या वस्तीला जाणारी आमची मोठी नळवाहिनी आहे. ती दोन वर्षांपासून फुटलेली आहे." यापुढचे वाक्य गिळणे म्हणजे महाराजांचीच गादी चालवणे होते. "पर्यावरण जपण्याचं वचन म्हणून आम्ही कंपनीच्या वार्षिक अहवालात छापलं, की थेंबभरही पाणी वाया जात नाही. हिशेबात न सापडणारं पाणी मी 'हिरवळ संवर्धन' म्हणून दाखवलं. मुखपृष्ठावर याच टेकडीच्या गवताचा फोटो टाकला. खाली सही माझी."

"म्हणजे महाराजांच्या आधी चमत्कार तुम्हीच केलात की हो!" एक म्हातारा म्हणाला.

आक्षेप बिनतोड होता.

"सही करताना ठाऊक होतं तुला?" ताईने विचारले.

"होतं."

"मग आज तुझं का म्हणून ऐकू?"

"ऐकू नकोस. बघ." त्याने खिशातून तपासणीची छोटी बाटली काढली. "जंतू मारायला आम्ही नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतो. हे दोन थेंब टाकले, की क्लोरीनचं पाणी पिवळं होतं. खडकातल्या झऱ्याला क्लोरीन कोण घालणार?"

ताईने स्वतः थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. महाराजांच्या मुद्रेचा रंग त्याहून फिका होता.

सांगणारा भगवी वस्त्रे ल्यालेला आहे की गुळगुळीत कागदावर छापतो आहे, याने विधान खरे ठरत नाही. आणि सांगणारा गुन्हेगार आहे, एवढ्यानेच ते खोटेही ठरत नाही. म्हणून माणसाकडे नव्हे, पुराव्याकडे पाहावे. तो स्वतःच्या हातांनी तपासावा.

ताईने तेच केले. घरी जाऊन आधी नळाच्या पाण्यात थेंब टाकले, मग स्वतःची साखर मोजली. आकडा वाचून ती डॉक्टरांकडे निघाली. भाऊ सोबत येऊ लागला, तशी उंबऱ्यातच म्हणाली,

"माझ्याबरोबर शेजारीण येईल. तू ऑफिसात जा. आधी ते वचन खोडून ये."