काठवटीला कळलेला हात

मी एक जुनी काठवट आहे, मित्रांनो. कळंबला गौराबाईच्या स्वयंपाकघरात राहते. लोधिवलीच्या एका सुताराने फणसाच्या ओंडक्यातून मला कोरले. तांदळाचे पीठ मळायचे, भाकरी थापायची, एवढेच माझे काम. पण तेवढ्यावरूनही हात कळतो. गौराबाईचा उजवा तळवा असा रेटून बसे, की पीठ लोण्यासारखे होई. पाहुणे भाकरीची वाहवा करत. माझे नाव कोण घेणार!

मग गौराबाई शेताच्या बांधावरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. ऑपरेशन झाले, आत प्लेट बसली. तोवर मी भिंतीला टेकून धूळ खात होते.

प्लास्टर निघून हात मोकळा झाल्यावर तिने मला धुऊन पुढ्यात घेतले. पहिल्याच रेट्याला मला कळले, काहीतरी बिघडले आहे. अंगठ्याच्या मुळाशी करकरत होते. तिने ओठ आवळले आणि डाव्या हाताने मळू लागली.

दवाखान्यातून विचारपूस करायला नर्स ललिताताईंचा फोन येई.

"मावशी, दुखतं का? अंगठा हलवताना आत घासल्यासारखं वाटतं?"

"नाय गं बाय, बेस हाय."

"भाकऱ्या थापता?"

"थापते की! ये एकदा जेवायला."

कोणत्या हाताने, ते गौराबाईने सांगितले नाही, ताईंनी विचारले नाही.

सून हर्षला दारातून बघत होती. "आई, खोटं का सांगता? कपसुद्धा डाव्या हाताने उचलता तुम्ही."

"डॉक्टरांनी येवढ्या मायेनं केलं. त्यांना दुखतं म्हणून कसं सांगू? नावं ठेवल्यासारखं होतं."

"मग मी सांगते."

"हात माझा का तुझा गं?"

हर्षलाची नजर मात्र त्या हातावरून हटेना.

एका सकाळी गौराबाई पिठाचा गोळा तोडायला गेली आणि अंगठा वाकलाच नाही. गोळा माझ्यात पडला. दुसऱ्या कुणाचा असावा, तशी ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

दवाखान्यातून आल्यावर हर्षला नवऱ्याला, साईनाथला, सांगत होती, "प्लेटवर घासून घासून अंगठा वाकवणारी शीर तुटली. आधी कळलं असतं तर प्लेट काढून वाचवता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता पुन्हा कापायचं, आणि तरी अंगठा पहिल्यासारखा होईल याची खात्री नाही."

गौराबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

तेवढ्यात छोटी नात धावता धावता उंबऱ्यात आपटली. गुडघा सोलवटून रक्त आले. तिचे डोळे भरले, पण ती उठली आणि म्हणाली, "मला नाय लागलं."

हर्षलाचा चेहरा उतरला. "हे कुणी शिकवलं हिला?"

मग गौराबाईने डाव्या हाताने पोरीला जवळ ओढले.

"दुखतं म्हण गं बाय," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण."

मित्रांनो, मला सगळे कळत होते, पण मी पडले लाकूड. तुम्हाला तोंड आहे.