शेवटी जेवणारी बाई

“आज तुम्ही आधी जेवायचं, बाई,” म्हणत मामाने स्वतः खुर्ची ओढून दिली.

बाई उभ्याच राहिल्या. टेबलाभोवती मामासकट तिघं होती आणि तिघांचेही डबे बंद होते. असं या खोलीत कधी घडलं नव्हतं. एरवी सगळ्यांचं जेवण होऊन शेवटच्या माणसाने डबा विसळला, की मग बाई यंत्राजवळून उठायच्या आणि आपला डबा उघडायच्या.

बाई सैन्याच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. कॅप्टन म्हणून निवृत्त झाल्या आणि या खासगी रुग्णालयाच्या तळघरात आल्या. शस्त्रक्रियेचे कपडे आणि अवजारं बंडलात बांधून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची, हे इथलं काम. विभागप्रमुख म्हणून येताना त्या दोन नियम सोबत घेऊन आल्या होत्या. अधिकाऱ्याने शेवटी जेवायचं. आणि वरून जाब विचारला गेला की चूक आपली म्हणायची. कोणाचं काय चुकलं ते खाली, आपल्या माणसांत बसून निस्तरायचं.

तापलेल्या यंत्रातून बंडलं काढण्याचं काम कोणालाच नको असायचं, मनगटं भाजायची. ते बाईंनी स्वतःकडे घेतलं. सुरुवातीला माणसं ओशाळली. मग त्यांना सवय झाली. पुढेपुढे बाईंना यायला जरा उशीर झाला की मामा म्हणायचा, “आमची मोलकरीण कुठे राहिली आज?” आणि खोली हसायची. बाईंनी ते एकदा दाराबाहेरून ऐकलं. त्या चार पावलं मागे गेल्या आणि चपला वाजवत आत आल्या, म्हणजे कोणाला लाजल्यासारखं होऊ नये.

मामा त्यांच्या हाताखालचा सगळ्यांत जुना माणूस. दरवर्षी वर व्यवस्थापकांकडे त्याचं नाव चांगल्या शब्दांत सांगायच्या त्या बाईच.

एके दिवशी बाईंना ऐन जेवणाच्या वेळी वर बोलावलं होतं. तेवढ्यात मामाने यंत्र वेळेआधी उघडलं आणि बंडलं शस्त्रक्रियेच्या खोलीत पाठवून दिली. प्रत्येक बंडलाच्या आत एक पट्टी असते. पुरेसा वेळ वाफ लागली तरच ती काळी होते. त्या दिवशी ती फिकट राहिली होती, आणि तिथल्या सिस्टरने घाईत ती पाहिलीच नाही. गुडघा बदलून घ्यायला आलेल्या एका शिक्षिकेची जखम चिघळली, चिघळतच गेली. शेवटी पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

कोठारात कपाटांच्या आड मामाने बाईंपुढे हात जोडले. “माझं घर बसेल हो. तुमचं काय, तुम्हाला पेन्शन आहे.”

तो हे बोलला नसता तरी बाई वर गेल्याच असत्या. त्या गेल्या आणि चूक माझी म्हणाल्या. सैन्यात असं म्हटल्यावर त्यांचे वरिष्ठ उठून दार लावून घ्यायचे आणि आता खरं काय ते सांगा म्हणायचे. इथे दार उघडंच राहिलं. व्यवस्थापकांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. त्यांनी खालच्या चौघांना एकेक करून बोलावलं आणि यंत्रातून बंडलं कोण काढतं एवढंच विचारलं. बाई काढतात, असं चौघांनी सांगितलं. ते खरंच होतं. घड्या घालणाऱ्या ताईने वर आणखी सांगितलं की आम्हाला त्या हातच लावू देत नाहीत. तेही खरं होतं.

बाईंना नोकरी सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली.

बाई त्या शिक्षिकेला भेटायला गेल्या. तिच्याही पुढे त्यांनी चूक आपल्यावर घेतली. शिक्षिकेने शिवीगाळ केली नाही. चादर जिथे सपाट झाली होती तिथे बघत तिने विचारलं, “एवढी घाई कशाची होती तुम्हाला?”

घाई बाईंची नव्हती. खाली येऊन त्यांनी तोच प्रश्न मामाला विचारला.

“घाई कसली, बाई. भूक लागली होती.”

पुढच्या आठवड्यात कळलं की विभाग आता मामाकडे जाणार. बाई पुन्हा वर गेल्या आणि झालं तसं सगळं सांगितलं. व्यवस्थापकांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

“मग खोटं कधी बोललात, बाई? तेव्हा की आत्ता?”

“तेव्हा.”

“आणि हे मी कशावरून ओळखायचं?”

चहा आला तेव्हा व्यवस्थापकांनी कप बाईंपुढे सरकवला.

आज शेवटचा दिवस. मामाने खुर्ची धरूनच ठेवली होती, म्हणून बाई बसल्या. डबा उघडला. पहिला घास तोंडात गेला आणि मागे यंत्राची वाफ सुटल्याचा आवाज झाला. यंत्रापाशी ताई उभी होती. मामाने तिला नुसती मान हलवून खूण केली होती.

बाईंना घड्याळाकडे बघायची गरज पडली नाही. त्या उठल्या.

“बसा हो, जेवा,” मामा म्हणाला. “काही झालंच तर चूक माझी म्हणेन की. तुमच्याकडूनच शिकलोय.”

सगळे हसले. ताईही हसली, खाली बघून.

बाईंनी यंत्रातलं एक बंडल काढून उकललं. कापड ओलं होतं, पट्टी फिकट होती. ते त्यांनी नव्या पट्टीसह पुन्हा बांधून आत ठेवलं, दार आवळलं आणि यंत्र सुरू केलं. मग स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसल्या आणि डबा मांडीवर घेऊन जेवू लागल्या. बाकीच्यांची जेवणं झाली, डबे धुऊन झाले. मामा दोनदा खाकरला. बाई हलल्या नाहीत. फेरी पूर्ण झाल्यावर त्यांनी स्वतःच बंडलं काढली. त्यातलं एक उकलून काळी पट्टी मामाच्या पुढ्यात ठेवली.

“अशी दिसते.”

“बरं,” मामा म्हणाला आणि पट्टीवर पाण्याचा पेला ठेवला.

मागच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं. तळघरातल्या यंत्राची वाफ सोडणारा नळ तिथेच भिंतीतून बाहेर येतो. बाई वर येऊन कपडे बदलेपर्यंत खाली दुसरी फेरी लागली होती. त्या ओळखपत्र देतात न देतात तोच नळ फुसफुसला आणि पांढरी वाफ अंगणात पसरली.

या वेळी बाईंनी घड्याळ पाहिलं. फेरी पुरी व्हायला अजून अवकाश होता.

“बाजूला व्हा बाई, अंगावर येईल,” पहारेकरी म्हणाला.

वाफ विरेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बाजूला झाल्या.