भागवत पेंटरची अक्षरे

मित्रांनो, लातूरजवळच्या मुरुडमध्ये, एका पत्र्याच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. मी जुना संगणक. लातूरच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. सहा वर्षे मी एका कार्यालयात पत्रे टंकली. मग मी हळू झालो आणि अडगळीत पडलो. तिथून श्रीपाद सरांनी मला बाहेर काढले. ते लातूरच्या महाविद्यालयात संगणक शिकवत. त्यांची विद्यार्थिनी सुकन्या हिला एक संगणक हवा होता, आणि तिला घाई होती.

तिचे वडील, म्हणजे तिचे आबा, हेच भागवत पेंटर. मुरुडच्या शाळांच्या भिंती, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळीकडे त्यांच्या हातची अक्षरे असत. फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश डब्यातच वाळून गेले. त्यातच डोळ्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. नजर पुरती जाण्याआधी आबांची सगळी अक्षरे संगणकात उतरवायची आणि कुणालाही टाइप करता येईल असा त्यांचा फॉन्ट करायचा, असे सुकन्याने ठरवले.

सरांनी माझ्यात लिनक्स नावाची मोफत कार्यप्रणाली बसवली. त्यात आतले यंत्र तेच राहते, पण पडद्यावरचा चेहरा, म्हणजे डेस्कटॉप, आपला आपण निवडता येतो. सुकन्याने सगळ्यात देखणा निवडला. खिडक्या तरंगत उघडत, चिन्हे उड्या मारत. मलाही माझे नवे रूप आवडले. माझी मेमरी मात्र जेमतेम होती. त्या थाटातच ती बरीचशी संपते, हे मी कुणाला सांगणार?

मला जोडलेल्या पेनाच्या पाटीवर आबा अक्षरे काढू लागले; पाटीवर काढलेले पडद्यावर उमटे. सकाळपासून आठ झाली. नववे अक्षर ‘ओ’. त्याची मात्रा ओढता ओढता मी गोठलो. काम मध्ये मध्ये सेव्ह करायचे असते, हे आबांना कुणी सांगितलेच नव्हते. सगळी अक्षरे गेली.

आबा चिडले नाहीत. “माझ्याच हाताला जमंना झालंय,” एवढे म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. आठ दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. चूक माझी होती मित्रांनो, आणि बोल त्यांनी स्वतःला लावला.

सुकन्याने सरांना बोलावले. रविवारी ते चार निरनिराळे डेस्कटॉप पेनड्राइव्हवर घेऊन आले.

“यातला चांगला कोणता, सर?” सुकन्याने विचारले.

“माझ्यासाठी कोणता ते मी सांगेन. पण इथे बसणार तुझे आबा. त्यांनाच विचार.”

आबांना हाताला धरून माझ्यासमोर बसवले. पहिला पाहून ते म्हणाले, “ह्यात लई हालायलंय, सर. भिंत हालली तर रंगवावं कसं?” दुसऱ्यात चित्रांची गर्दी होती. तिसऱ्यात हवे ते बटण सापडेना. चौथा अगदी साधा, राखाडी. एक पट्टी आणि बाकी मोकळा पडदा.

“ही भिंत बरी हाय,” आबा म्हणाले.

त्यांना आता कडेचे दिसत नव्हते. सुकन्याने ती पट्टी कडेवरून उचलून आत आणली, बटणे मोठी केली. दर दोन मिनिटांनी काम आपोआप सेव्ह होईल, अशी सोयही केली.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ. आबा रोज सकाळी उन्हे खोलीत आली की बसत. एकदा पेढेवाले गुंडप्पा पाहायला आले. पडद्यावरचा ‘ग’ पाहून ओरडलेच, “अरे, हा तर माझ्या पाटीवरचा!” आबा कितीतरी दिवसांनी हसले.

नजरेचा घेर आवळत गेला. शेवटी शेवटी सुकन्या शेजारी बसून सांगे, “आबा, थोडं वर. हां, आता वळवा.” चैत्रात अठ्ठेचाळिसावे, शेवटचे अक्षर झाले. त्यानंतर पंधरा दिवसांत आबांच्या डोळ्यांपुढे पूर्ण अंधार झाला. तरी ते माझ्याजवळ येऊन बसत. म्हणत, “सुकन्या, चालू कर त्याला. पंखा ऐकू दे.”

सुकन्याला नांदेडच्या एका छापखान्यात नोकरी लागली. फॉन्टचे काम सुट्टीत करू, असे ती म्हणाली. सुट्टी आली की घरची कामे निघत. माझ्यावर चादर पडली. श्रावणात आबा तापाने गेले, तेव्हाही मी चादरीखालीच होतो. अक्षरे साठवली होती त्या माझ्या डिस्कपर्यंत पावसाळी ओल पोचत होती.

दीड वर्षाने सुकन्याने मला चालू केले. तोच साधा डेस्कटॉप उघडला. अक्षरे मात्र एकामागून एक उघडायला नकार देऊ लागली. श्रीपाद सरांनी दोन दिवस खटपट केली. अठ्ठेचाळिसांपैकी तेहतीस हाती लागली.

“दुसरीकडे प्रत ठेवली होतीस ना?” सरांनी हळूच विचारले.

सुकन्याने नकारार्थी मान हलवली. “इथंच तर होती सगळी. कुठं जातेत, असं वाटलं.”

उरलेल्या अक्षरांचा फॉन्ट झाला. तिने पहिल्यांदा वडिलांचे नाव टाइप केले. ‘भ’च्या जागी रिकामा चौकोन उमटला, पुढे बाकीचे नाव.

‘भ’ शोधत ती दोन दिवस मुरुडभर फिरली. भांड्याच्या दुकानाची पाटी रस्ता रुंद करताना गेली होती. शाळेची भिंत नव्याने रंगवली होती. मग ती स्वतः पेन घेऊन बसली. सात वेळा ‘भ’ काढला, सातही वेळा पुसला. “आबांसारखा न्हाई येत,” ती म्हणाली आणि पाटीवर डोके टेकून रडली. माझा पंखा फिरत राहिला. मला तेवढेच करता येत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचा चेहरा निवडताना, जो समोर बसणार आहे त्याला आधी विचारा. आणि माझ्या भरवशावर कुणाच्या हातचे काही ठेवू नका. त्याची एक प्रत आजच दुसरीकडे उतरवून घ्या. मी बिघडलो तर दुसरा संगणक येईल. भागवत पेंटरचा ‘भ’ आता कुणालाच काढता येत नाही.