तिसरा रांजण

गावच्या घरात पाहुणे ठेवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा, बद्रीचा फोन आला तेव्हा मी एका कवितासंग्रहाची मुद्रितं तपासत होते.

"ताई, एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी एक जोडपं येतंय. दोन रात्री राहणार. मुलगा तिला लग्नाचं विचारणार आहे. डोंगर दिसेल अशी खोली हवी म्हणाला, भट्टीतली रोटी हवी म्हणाला. आणि दोघांना रांजण उघडताना बघायचाय."

"कुठला रांजण?"

एकच उरला होता.

बाबा नोव्हेंबरात गेले. त्या उन्हाळ्यात गारपिटीनं मळा झोडपला होता, त्यामुळे मरानीत, म्हणजे अंगणातल्या वाइनघरात, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या सात रांजणांपैकी तीनच भरले. पहिला बाबांच्या दफनाच्या दिवशी संपला, दुसरा चाळिसाव्या दिवशीच्या पंगतीत. तिसरा बाबांनी जाण्याच्या आठ दिवस आधी लिंपला होता. तोंडावर दगडी झाकण आणि झाकणाच्या कडेनं ओली चिकणमाती. ती बोटांनी दाबत दाबत ते गोल फिरले असणार. पुढच्या आठवड्यात वेलींच्या दोन ओळींमध्ये पडलेले सापडले.

आमच्याकडे माणूस जाऊन वर्ष झालं की पंगतीला त्याच्याच हातची वाइन ठेवतात, उरली असेल तर. त्याच्या नावानं रोटीवर चार थेंब ओततात. बाबांची उरली होती. मला ती नोव्हेंबरपर्यंत हवी होती, जशी आहे तशी, त्यांनी बंद केली तशी.

दफनाच्या दिवशी गावातले पुरुष वाइन काढायला मरानीत गेले, तेव्हा मी त्यांच्या मागे गेले होते. तिसऱ्या रांजणाच्या मातीत बाबांच्या बोटांचे ठसे दिसत होते. उजव्या तर्जनीचं टोक वाकडं होतं त्यांचं, लहानपणी दाबयंत्रात सापडून. तो वाकडेपणाही मातीत उमटला होता. मी म्हटलं, याला कुणी हात लावायचा नाही.

गिगला काका बाबांचे शेजारी, चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या मरानीत काम केलेलं. ते तेव्हा काही बोलले नाहीत. चाळिसाव्याला मी मरानीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली, तेव्हा बोलले.

"दारो, पोरी, मातीला तहान लागते. पंधरा दिवसांनी पाणी शिंपडावं लागतं. वर वाळू पसरावी लागते."

"ठसे जातील काका."

"जातील."

"मग नको."

"कुलूप लावून वाइन टिकत नाही गं."

"आठ हजार वर्षं टिकतेय ती या मातीत. एक वर्ष टिकेल."

"आठ हजार वर्षं कुणीतरी पाणी घालत होतं," काका म्हणाले. पण दुखवट्यातल्या घरात लेकीचा शब्द मोडायचा नसतो. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि ते गेले. मी किल्ली घेऊन तिब्लिसीला परत आले.

आता फोनवर बद्री म्हणत होता, "गिगला काकांनी मला चार वेळा सांगितलं. वसंतात उघडायचीच असते. उघडायची, चोथ्यावरून काढायची, काचेच्या मोठ्या बरण्यांत भरायची. मग ती नोव्हेंबरातही तुझ्या टेबलावर येईल. मी तुला सांगितलं, तू ऐकलं नाहीस."

"म्हणून पाहुणे आणलेस?"

"हो. पाहुण्यांना शब्द दिलाय. आता तो मोडून दाखव."

पाहुण्याला दिलेला शब्द. बद्री मूर्ख नाही. पुढे जरा हळू म्हणाला, "उघडायची तर आहेच ना ताई. उघडताना दोन माणसं खुशीत असली तर काय बिघडलं? बाबांनाही आवडलं असतं."

बाबांना खरंच आवडलं असतं. मी म्हटलं, मी गुरुवारी येते, आणि काय करायचं ते मी ठरवते, कारण तू त्यांना तुझ्या कुत्र्याशेजारी जेवायला बसवशील.

गुरुवारी स्वयंपाकघरात आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. काकांनी सोबत मुळे आणि मीठ आणलं होतं, ते एकटेच खात होते.

"शुक्रवारी संध्याकाळी येतील," मी लिहीत म्हणाले. "सज्जात चीज, अक्रोड, हिरव्या पानांची भाजी. मांस शनिवारी, वेलीच्या काड्यांवर भाजून. कोणत्या खोलीत झोपवणार?"

"बाबांच्या," बद्री म्हणाला. "डोंगर तिथूनच दिसतो."

"पलंग करकरतो तो."

"प्रेमात आहेत ती. त्यांना ऐकू येणार नाही."

"आम्हाला येईल ना," काका म्हणाले. बद्री हसला. मीही हसले असेन.

"आणि ताई, हे काळे कपडे. शनिवारी तरी बदल. लोक प्रेम करायला येतायत, अंत्ययात्रेला नाही."

"वर्ष व्हायचंय."

"निदान तो डोक्यावरचा रुमाल तरी काढ. मठातून पळून आल्यासारखी दिसतेस."

"मठातून पळून आले असते तर काढला असता."

तेवढ्यात त्या मुलाचा फोन आला. वाखो नाव. बद्रीनं फोन टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"दादा, एक सुचलं. अंगठी आपण रांजणात टाकायची. मग ती डावानं वाइन काढेल आणि अंगठी वर येईल. कसं वाटतंय?"

काका फोनकडे वाकले. "बेटा, आत आठशे लिटर आहे. टाक खुशाल. मग पोहायला येतं ना तुला?"

"कोण बोलतंय?"

"मरानीचे प्रमुख," बद्री म्हणाला. "अंगठी खिशात ठेव वाखो. शनिवारी दुपारी बारा वाजता काका झाकण काढतील, पहिली वाटी तिला देतील. तिनं घोट घेतला की तू गुडघ्यावर बस. जमीन ओली असते, जुनी पँट घाल."

मी कागदावर लिहिलं: बारा वाजता. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

शुक्रवारी मी बाबांच्या खोलीत इस्त्री केलेल्या चादरी घातल्या. त्यांचे बूट पलंगाखाली होते, ते माळ्यावर नेले. खिडकी पुसली. उशाशी जर्दाळूच्या फांद्या ठेवल्या, त्यांना नुकताच मोहोर आला होता. हे सगळं मी चांगलं केलं. दुसऱ्यांसाठी खोली सजवायला दुःख आड येत नाही, उलट हात नीट चालतात.

ती दोघं सहाला आली. तेक्ले बुटकी, मोठमोठ्यानं हसणारी, दंतवैद्य. तिनं सज्जात उभं राहून अलझानी नदीच्या पलीकडच्या डोंगरांवरचा बर्फ बघितला आणि म्हणाली, "वाखो, हे खरं आहे की पडदा लावलाय?" वाखोचा हात सारखा खिशाकडे जात होता. मला ती आवडली. दोघंही आवडली. त्यांचं चांगलं व्हावं असं मला वाटलं, हे लिहून ठेवायला हवं.

शनिवारी बारा वाजता मी कुलूप काढलं.

आत नेहमी ओल्या मातीचा आणि चोथ्याचा वास असायचा. आता धुळीचा होता. काका कंदील घेऊन तिसऱ्या रांजणाशी वाकले आणि तसेच राहिले.

माती पांढरट पडली होती. झाकणाच्या कडेनं आक्रसून ती दगडापासून सुटली होती. एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट. बाबांच्या बोटांचे ठसे मात्र जसेच्या तसे होते, वाकडं टोकसुद्धा, विटेसारखे टणक झालेले.

"किती छान," तेक्ले म्हणाली. "हे कुणाचे हात?"

"शाक्रोचे," काका म्हणाले. "यांच्या वडिलांचे." मग बद्रीकडे न बघता म्हणाले, "पाहुण्यांना जरा सज्जात नेतोस का?"

"काका, त्यांना बघायचंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच हो म्हटलं. शब्द दिला होता. त्यांनी छिन्नी लावली. माती तुकड्यातुकड्यांनी सुटली आणि त्यांनी ती बाजूला, हळू, एकावर एक ठेवली. मग त्यांनी आणि बद्रीनं मिळून दगड सरकवला.

वास लगेच आला. डोळ्यांत पाणी यावं असा. वर पांढरी जाड साय धरली होती. काकांनी डावानं ती बाजूला सारली, वाटी बुडवली, ओठांना लावली आणि खाली ठेवली.

"असाच वास असतो का?" तेक्लेनं विचारलं.

बद्रीनं वाटी उचलली. वाटलं, तोही नुसती चाखेल. तो सगळी प्यायला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"सिरका झालाय," तो म्हणाला.

वाखोनं खिशातला हात बाहेर काढला, रिकामा. "दुसरा उघडू या ना मग," तो म्हणाला. "एवढे आहेत."

"बाकीचे रिकामे आहेत बेटा," काका म्हणाले.

मग आम्ही सगळे बाहेर आलो. काकांनी आपल्या घरची वाइन आणली, मांस भाजलं, तामादा, म्हणजे पंगतीचे सूत्रधार, म्हणून स्वतः उभे राहिले आणि प्रेमावर बोलले, गेलेल्यांवर बोलले. वाखो दोन घास जेवला. आंबलेल्या रांजणासमोर कुणी लग्नाचं विचारत नाही. आमच्यातला शहरात वाढलेलासुद्धा नाही. तीन वाजता तो म्हणाला, ऑफिसचं काही निघालंय. तेक्ले त्याच्याकडे बघत राहिली. तिला कशासाठी आणलं होतं हे तिला कळलं असावं, आणि ते होणार नाही हेही. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "खोली फार सुंदर होती." गाडी गेली.

बद्री माझ्यावर ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "नोव्हेंबरात काय ठेवायचं?"

मी पंगतीतल्या रिकाम्या वाट्या गोळा करू लागले.

"आजच उपसायला हवा," काका म्हणाले. "सिरका एकदा मरानीत बसला की शेजारचे रांजणही जातात."

"पंप लावतो."

"पंपाला तो वास लागला तर शरदात काय करशील? बादल्या आण."

आठशे लिटर म्हणजे ऐंशी बादल्या. वेलींना घालता येत नाही, मुळं जळतात. आम्ही रस्त्याच्या कडेच्या चरात ओतत राहिलो. सुरुवातीला मी बादल्या मोजल्या, मग सोडून दिलं. शेजारची एक म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली, वास घेतला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत सगळं गाव जाणणार होतं की शाक्रोच्या लेकीनं शाक्रोची वाइन घालवली.

तळाशी चोथा उरला. तो काढायला आणि भिंती घासायला आत उतरावं लागतं. तोंड अरुंद, बद्रीचे खांदे बसत नाहीत. काकांनी दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडली. ती विझली नाही, म्हणजे हवा ठीक होती. मी रुमाल काढला, अनवाणी उतरले.

आत उभं राहिलं की फक्त वरचा गोल दिसतो. काकांनी चेरीच्या सालीचा कुंचला आणि चुन्याचं पाणी खाली दिलं. आत असलेल्या माणसानं सतत बोलायचं असतं आणि वरच्यानं ऐकायचं. आवाज थांबला तर हवा वाईट आहे असं समजून ओढून काढतात. पुरुष गाणी म्हणतात. मला गाणं येत नाही.

"ताई?"

"आहे."

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या पुस्तकातलं सांग."

मी घासत होते. मला सगळी पुस्तकं आठवत होती आणि त्यातलं एकही वाक्य इथे चालणारं नव्हतं. काका चुना कालवायला अंगणात गेले होते. वर फक्त बद्रीचं डोकं होतं, उजेडासमोर काळं.

"ताई, बोल. नाहीतर ओढतो."

"जानेवारीत मी आले होते," मी म्हटलं.

"कुठे?"

"इथे. एका दिवसासाठी. तू तेलावीला होतास. कुलूप उघडून आत आले होते. तडा गेला होता तेव्हाच. केसाएवढा. काका म्हणाले होते तसंच. पाणी घातलं असतं तर बुजला असता."

कुंचला भिंतीवर फिरत होता. गोल भिंतीत माझाच आवाज माझ्याभोवती फिरत होता.

"मग?"

"बादली भरून आणली. उभी राहिले. पण पाणी घातलं असतं तर ठसे गेले असते. म्हणून परत ओतली. कुलूप लावलं."

मी वर बघितलं नाही. चुन्यानं हात जळत होते. तळाला अजून चोथा चिकटलेला होता, तो मी नखांनी खरवडला, एक बादली भरली, दोरी हलवली. बादली वर गेली. रिकामी होऊन खाली आली. मी पुन्हा भरली. तीही वर गेली आणि खाली आली, आणि इतका वेळ तो एक अक्षर बोलला नाही.

माझाही आवाज थांबला होता; आता त्यानं मला ओढून काढायला हवं होतं.

"ताई," शेवटी बद्री म्हणाला, "बोलत राहा."