मेणातला आईचा कण

मित्रांनो, मी मेणाची एक जुनी वडी आहे, बोटाच्या पेराएवढी. माझ्या पोटात किडनीचा एक कण आहे, तांदळाच्या दाण्याहून लहान. एका आईने आपली किडनी लेकीला दिली, त्या दिवशी तो काढला आणि मेणात बसवून मला घडवले. माझी पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डॉक्टर म्हणाले, "झकास किडनी!" तेवढ्या कौतुकावर मी अकरा वर्षे खणात काढली.

मग प्रयोगशाळेत नवे साहेब आले. "जुने खण रिकामे करा," म्हणाले. झाले, आमची रवानगी टाकाऊ खोक्यात! चकत्या कापता कापता केस पांढरे झालेल्या मावशी मात्र खोके उपसत बसल्या. "देणाऱ्याचं टाकायचं नसतं," असे पुटपुटत त्यांनी मला आपल्या कपाटात ठेवले. साहेबांनी कपाळाला हात लावला.

पुढच्याच वर्षी ती लेक दारात उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात टेप तसाच. तिच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली होती. गाठ आईच्या किडनीतून आली असेल, तर किडनी काढावी लागणार होती. ते ताडायला आईच्या शरीराचा एखादा कण हवा होता; बसवलेल्या किडनीला सुई टोचणे डॉक्टरांना धोक्याचे वाटत होते. आणि आई तर चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेलेली.

"मावशी, आईचं काही उरलंय का हो तुमच्याकडे?"

"उरलंय ना. बस आधी, पाणी पी."

मावशींनी मला बर्फावर गार केले, यंत्रात बसवले आणि तोंड जवळ आणून हलकेच ऊबदार फुंकर घातली. अशाने मेण तडकत नाही. कण एवढासा, एक चकती वाया गेली तरी पंचाईत. मीही जीव मुठीत धरून बसले. चकत्या मात्र अखंड निघाल्या.

तपासणी झाल्यावर डॉक्टर मावशींच्याच खोलीत लेकीला म्हणाले, "गाठीत तुमच्या वडिलांकडून आलेल्या जनुकीय खुणा आहेत. आईच्या कणात त्या नाहीत. म्हणजे गाठ तुमची स्वतःची. लहान आहे, कापून काढू. किडनी राहू दे."

लेक आधी रडली, मग हसली. "जन्मभर सगळ्याचं खापर आईवर फोडलं. या वेळी तरी सुटली बिचारी!"

आता माझ्यात ती आई नखाच्या कडेएवढीच उरली आहे, पण मी समाधानी आहे. मित्रांनो, जुने काही फेकण्याआधी त्यावरचे नाव एकदा वाचत जा. ती लेक अजून दर तपासणीला मावशींकडे डोकावते, माझ्यावरचे आईचे नाव वाचते आणि "येते गं," म्हणून निघते.