मूळ तारीख

दिपिकाने नव्या डिस्कवर वडिलांच्या नावाची फाइल उघडली आणि खुर्ची पुढे ओढली.

शहापुरातल्या संस्थेचा जुना कॉम्प्युटर भंगारात जायचा होता. वनजमिनीचे दावे, अपिलं, सगळं तिने सकाळीच आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामने नव्या डिस्कवर उतरवलं होतं. साध्या कॉपीत प्रत्येक फाइलवर आजची तारीख पडते; आरसिंकला सांगितलं तर मूळ तारीख राहते. तिने ती राखली होती.

तिच्या वाडीतले सत्तावीस दावे एप्रिलअखेर फेटाळले गेले, तेव्हा अपिलाला साठ दिवस होते. वडिलांच्या, मंगळूच्या, अपिलावर वर टाइप केलेलं होतं : दोन जून. फाइलची तारीख होती चौदा सप्टेंबर. उरलेल्या सव्वीसांचीही तीच.

सुरेंद्र सर मागे येऊन उभे राहिले. संस्था त्यांची, तिला कॉम्प्युटरही त्यांनीच शिकवलेला.

“सर, हे सप्टेंबरात टाइप झालंय. तुम्ही तर वाडीत सांगितलंत, वेळेत दिलं, वरून फेटाळलं.”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“त्या वर्षी माणसं नव्हती गं. राहून गेलं.” मग म्हणाले, “सोमवारी डिस्क वकिलांकडे जाणार आहे. हे पुसून साधी कॉपी कर. जुनं मशीनही कोरं कर.”

“उद्या करते.”

मुरबाडकडच्या वाडीत ती पोचली तेव्हा मंगळू ओट्यावर कोयत्याला धार लावत होता. त्याच्या वरीच्या उतारावर आता तारेचं कुंपण होतं. तो वीटभट्टीवर जायचा. तिने सगळं सांगितलं.

“म्हंजे कागद गेलाच नाय?”

“नाय, बा. मी वकिलाला तारखा दाखवते.”

“मंग जमीन देतील?”

तिने कुंपणाकडे पाहिलं.

“वाडीत कुणाला बोललीस?”

“नाय.”

मंगळूने धारेवरून अंगठा फिरवला. “जमीन तं गेली. आता पगार नको घालवू. सर सांगतात तसं कर गो.”

“बा, तुमीच सांगता?”

तो उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या आधी पोचली. डिस्क पुसली, साधी कॉपी लावली. फाइली भराभर उतरल्या. मग तिने जुनं मशीन कोरं केलं.

सर आले. त्यांनी वाकून स्क्रीन पाहिली, खिडकीतून हाक मारून दोन चहा सांगितले.

“एकच सांगा,” दिपिका म्हणाली.