वाईट नाकाचा नातू

मंगोलियात, उलानबातरमधल्या चेक वकिलातीच्या फाटकाबाहेर थंडी अशी की दामदिनच्या मिशा गोठून पांढऱ्या झाल्या होत्या, तरी म्हाताऱ्याची टकळी काही थांबत नव्हती.

"विचारतील तेवढंच सांग. जनावरं कोण बघणार म्हणाले, तर नवरा बघेल म्हणायचं. आणि फार हसू नकोस. हसरं माणूस दिसलं की त्यांना वाटतं, हे काही परत येत नाही."

"तुम्हाला बरं ठाऊक! तुम्ही कधी मागितला होता व्हिसा?" त्याची बायको खोर्लो म्हणाली आणि सणाचा निळा डेल, तो लांब अंगरखा, सावरत आत गेली. भीती तिलाही वाटत होती, पण ते त्याला कशाला सांगा.

तिची लेक सोलोंगो शिकायला म्हणून चेक देशात गेली आणि तिथलीच सून झाली. त्याचं दुःख करून झालं होतं. आता तिला मुलगा झाला होता, आणि खोर्लोने त्याला पाहिलं होतं ते फक्त फोनवर. महिनाभर जाऊन यायचं, बस. पण जायचं तर आत्ताच. एकदा मेंढ्या व्यायला लागल्या की तंबू सोडून पाऊल टाकता येत नाही, आणि पुढच्या थंडीपर्यंत पोर चालायला लागलेलं असणार. मांडीवर घ्यायचे दिवस कुणासाठी थांबतात?

खिडकीच्या काचेपलीकडे चष्मा लावलेली चेक बाई होती, आणि तिच्या शेजारी दुभाषी, नोमिन नावाची शहरातली चुणचुणीत पोरगी. पहिले प्रश्न सोपे निघाले.

"आजी, तुमच्यामागे जनावरं कोण बघणार?"

"बाहेर एक जण गारठून उभा आहे, तो."

बाई हसली. खोर्लोही हसली आणि लगेच गप्प झाली.

"आणि जायचं कशासाठी?"

"नातवाला बघायला."

बाईने कागदांतून बाळाचा फोटो काढला आणि तिचा चेहरा खुलला. "किती सुंदर बाळ आहे हे! किती गोंडस!" नोमिनने ते जसंच्या तसं, चांगलं मोठ्याने सांगितलं.

खोर्लो दचकली. परक्या बाईने, भर दिवसा, चार माणसांत! सोलोंगोच्या आधीचा तिचा मुलगा असाच एका पाहुण्याने तोंडभरून वाखाणला होता, आणि त्या पोराने तो हिवाळा काही काढला नाही.

"छे, छे! कसला सुंदर?" ती घाईघाईने म्हणाली. "कुरूप आहे नुसता. नाक चपटं, डोकं वाकडं. आम्ही त्याला वाईट कुत्रा म्हणतो."

नोमिन अडखळली. पण आपल्या पदरचं काही घालायचं नाही, ही तिच्या नोकरीची अट होती. तिने शब्दाला शब्द ठेवला. बाईचं हसू मावळलं.

"बाळ तुम्हाला आवडत नाही?"

"त्यात आवडण्यासारखं आहे काय?"

बाईने पेन खाली ठेवलं. "आजी, नातू इतका नावडता आहे, तर एवढ्या लांब कशाला जायचं? तिकडे दुसरं काही काम आहे का?"

आता मात्र खोर्लोला कळलं की व्हिसा हातचा चालला आहे. नातू सुंदर आहे, माझा जीव आहे त्याच्यात, एवढं म्हटलं की झालं असतं. खरंही होतं. पण जीभ काही वळेना. नातवाला भेटण्यासाठी नातवालाच दृष्ट लावायची? त्यापेक्षा नाही गेलेलं बरं.

"काम आहे तर," ती शेवटी म्हणाली. "बाई, तिकडे दिवसभर सगळे त्याला सुंदर सुंदर म्हणतात. त्याची तिकडची आजी, शेजारणी, दुकानातल्या बायका. माझी पोर एकटी कुणाकुणाला पुरी पडणार? त्याला कुरूप म्हणणारं एक तरी आपलं माणूस जवळ नको? महिनाभर मी म्हणेन. त्या दुसऱ्या आजीलाही शिकवेन. मग माझं तिथे काय काम? माझ्या मेंढ्या व्यायच्या आहेत."

नोमिनने सगळं सांगितलं, पण सांगताना तिचा आवाज ओला झाला होता. बाईने तिला हळूच काही विचारलं. नोमिन बराच वेळ बोलत राहिली, आपल्या नाकाला, कपाळाला बोट लावून, बाळाला काजळीचा ठिपका कुठे लावतात ते दाखवत राहिली. मग बाईने फोटो पुन्हा उचलला आणि चष्म्यावरून निरखून पाहिला.

"आजी," नोमिन म्हणाली, "बाई म्हणतात, नीट बघितल्यावर पटलं. नाक तर फारच वाईट आहे."

"कानही बघा म्हणावं," खोर्लो म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

पुढच्या आठवड्यात व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आला, तेव्हा दोघांनी फाटकाबाहेरच सोलोंगोला फोन लावला.

"मिळाला गं!"

सोलोंगो म्हणाली, "आई, काल ट्राममध्ये सासूबाई सगळ्यांना त्याला दाखवत होत्या. राजपुत्र म्हणत होत्या. मी आपली मनातल्या मनात घाण, घाण म्हणत होते. इथे मोठ्याने म्हटलं तर लोक वेडी समजतील. तू ये लवकर."

तिने फोन बाळाकडे वळवला. बाळ झोपेतून नुकतंच उठलं होतं, गाल लालबुंद, आणि फोनकडे बघून ते चक्क हसलं. खोर्लोच्या तोंडून कौतुक निसटणारच होतं; तिने डेलची बाही तोंडावर दाबली.

दामदिनने तिच्या हातातून फोन घेतला. आजवर त्याने त्या पोराबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"शी!" तो रस्त्यातले लोक वळून बघतील अशा आवाजात ओरडला. "एवढं कुरूप पोर मी जन्मात पाहिलं नाही!" आणि डोळे पुसायला त्याने बायकोच्या डेलची बाही ओढून घेतली.